पिशवीवर हिरवं पान, आणि वर्गणी कुणाला?

सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा नदीचं पाणी मामाच्या शेतात शिरलं आणि तीन दिवस हललं नाही. ओसरल्यावर आम्ही बघायला गेलो. सोयाबीन आडवं होऊन कुजलं होतं, शेंगांना मोड आले होते. मामा पिकाकडं बघतही नव्हता. तो बांधापाशी वाकून हातानं जमीन चाचपत होता. वीतभर काळी माती वाहून गेली होती आणि खाली पिवळा मुरूम उघडा पडला होता. पंचनाम्यात याला ‘खरडून गेलेली जमीन’ म्हणतात. मामा एवढंच म्हणाला, “पीक पुढल्या साली येतंय गं. माती कुठून आणू?”

त्याच आठवड्यात लातुरातल्या एका मोठ्या दुकानातून घरचा किराणा आणला. कापडी पिशवीवर हिरवं पान छापलेलं आणि खाली पृथ्वीची काळजी घेण्याचं वचन. पिशवी चांगली दणकट आहे, अजून वापरते. पण ते पान बघितलं की एक प्रश्न पडतो. हे दुकान चालवणारी कंपनी दरवर्षी ज्या उद्योग-संघटनांना वर्गणी भरते, त्या संघटना हवामानाच्या कायद्यांबद्दल सरकारदरबारी काय बोलतात?

परदेशात हा प्रश्न गिऱ्हाईक लोक बरीच वर्षं विचारत आलेत, आणि त्या दबावाखाली मोठमोठ्या कंपन्यांनी अशा संघटना सोडल्यात. आपल्याकडं त्याची दोन ओळींची बातमी येते: अमुक कंपनी तमुक संघटनेतून बाहेर. त्यानं नेमकं काय होतं, आणि मांजरेकाठच्या माणसाला त्याचं काय, हे कुणी सांगत नाही. म्हणून जरा मुळापासून सांगते.

आधी मोंढ्यात चला

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, प्रत्येक आडत्याचं, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाचं, दुकान वेगळं, पाटी वेगळी, गिऱ्हाईक वेगळं. एरवी क्विंटलमागं दहा रुपयांसाठी ते एकमेकांशी चढाओढ करतील. पण हमालीचे दर वाढवायचा विषय निघाला किंवा सरकारनं नवा नियम आणला, की सगळे असोसिएशनच्या नावाखाली एक होतात. अध्यक्ष निवेदन देतात, आमदारांना भेटतात, आणि नाहीच ऐकलं तर मोंढा बंद. २०१८ मध्ये हमीभावापेक्षा कमी दरानं खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा करायचा विषय राज्य सरकारनं काढला, तेव्हा कितीतरी बाजार समित्यांत खरेदी ठप्प झाली होती. बातमी ‘व्यापाऱ्यांनी’ खरेदी थांबवली अशी आली. कुणा एकाच्या पाटीवरचं नाव त्यात नव्हतं.

संघटना असण्यात वावगं काही नाही. शेतकऱ्यांच्या आहेत, शिक्षकांच्या आहेत, हमालांचीही आहे. सरकारनं कुठला कायदा करावा किंवा करू नये, यासाठी पैसा, माणसं आणि ओळखी लावून पाठपुरावा करणं, याला लॉबिंग म्हणतात. असा पाठपुरावा करणारी संघटना म्हणजे दबावगट. हे दोन शब्द कळले की पुढचं सगळं सोपं आहे.

गोम अशी आहे. समजा, एखादा आडत्या तुम्हाला चहा पाजतो आणि म्हणतो, “दादा, मला स्वतःला कडता कापायला आवडत नाही.” कडता म्हणजे मालाच्या वजनातून केलेली वजावट. खरंही असेल. पण कडता बंद करायचा हुकूम आला, की त्याच्याच वर्गणीवर चालणारी असोसिएशन वकील लावते आणि हुकूम रोखून धरते. मापाला बसलेल्या शेतकऱ्याचा कडता पुन्हा कापलाच जातो. अशा वेळी त्या आडत्याचं खरं मत चहाच्या कपात शोधायचं, की वर्गणीच्या पावतीत?

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत चहाचा कप म्हणजे ती पिशवी. तिच्यावर हिरवं पान असतं, जाहिरातीत झाडं असतात, अमुक सालापर्यंत प्रदूषण शून्यावर आणू असं वचन असतं. पावती कुठंच लावलेली नसते.

२००९ सालची गोष्ट

अमेरिकेत ‘यूएस चेंबर ऑफ कॉमर्स’ ही उद्योगांची अतिशय बलाढ्य संघटना आहे. २००९ च्या जूनमध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहानं कार्बनच्या धुरावर मर्यादा घालणारं विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर केलं. वरच्या सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, ते मतदानापर्यंतही पोचलं नाही. त्याला विरोध करण्यात चेंबर पुढं होतं. ऑगस्टमध्ये तर चेंबरच्या एका अधिकाऱ्यानं, हवामानबदल माणसाला खरंच घातक आहे का यावर जाहीर सुनावणी घ्या, एकविसाव्या शतकातला ‘माकड खटला’ होऊ द्या, अशी भाषा केली. हा संदर्भ १९२५ सालचा. माणूस आणि माकडाचा पूर्वज एक आहे हे वर्गात शिकवलं म्हणून टेनेसी राज्यात एका शिक्षकावर खटला भरला होता.

हे ऐकल्यावर काही सभासद कंपन्यांनाच लाज वाटली. सप्टेंबरमध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीनं चेंबर सोडलं, मागोमाग आणखी दोन वीज कंपन्यांनी. ऑक्टोबरमध्ये ॲपल बाहेर पडली. नायकेनं संचालक मंडळातली जागा सोडली, पण सभासदत्व ठेवलं. नायकेचा हा मधला मार्ग लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

त्या सुनावणीच्या मागणीचा रोख एका सरकारी निष्कर्षावर होता. हरितगृह वायू, म्हणजे हवेत उष्णता धरून ठेवणारे वायू, लोकांच्या आरोग्याला धोकादायक आहेत, असा तो निष्कर्ष. डिसेंबर २००९ मध्ये तो अधिकृत झाला आणि मोटारींच्या धुराचे तिथले नियम त्याच्याच पायावर उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं हाच निष्कर्ष रद्द करायचा प्रस्ताव मांडला. म्हणजे सोळा वर्षांपूर्वीचं भांडण संपलेलं नव्हतं. दबावगटांना घाई नसते. त्यांचा पगार दर महिन्याला निघतो, म्हणून ते दहा-पंधरा वर्षं थांबू शकतात.

गिऱ्हाइकांचा हात लागला तेव्हा

दुसरी संघटना आहे ‘अमेरिकन लेजिस्लेटिव्ह एक्स्चेंज कौन्सिल’, थोडक्यात ॲलेक. तिचं काम समजायला तहसीलसमोर बसणाऱ्या मुद्रांक विक्रेत्याकडं बघा. त्याच्याकडं भाडेकराराचा मसुदा तयार असतो, नाव-गाव भरायचं आणि सही करायची. ॲलेक तसे कायद्यांचे मसुदे तयार ठेवते. राज्यांचे आमदार आणि कंपन्यांची माणसं एकत्र बसून मसुदा ठरवतात, मग आमदार आपापल्या राज्यात तो मांडतात. विजेचा ठरावीक वाटा सौर-पवनसारख्या स्रोतांतून घ्या अशी सक्ती करणारे राज्यांचे कायदे रद्द करण्यासाठीचा असाच एक मसुदा ॲलेकनं २०१२ मध्ये तयार केला होता.

त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालून मारलं गेलं. स्वसंरक्षणाच्या नावाखाली गोळीबाराला मोकळीक देणारा तिथला कायदा चर्चेत आला, आणि त्याच धर्तीचा मसुदा ॲलेकनं इतर राज्यांत पसरवल्याचं लोकांना कळलं. ‘कलर ऑफ चेंज’ ही नागरी हक्कांची संघटना ॲलेकच्या मतदानाच्या कायद्यांवरून आधीपासून तिच्या सभासद कंपन्यांना पत्रं लिहीत होतीच. ४ एप्रिल २०१२ रोजी तिनं कोका-कोलाकडं बोट दाखवून लोकांना हाक दिली. काही तासांत कोका-कोलानं ॲलेक सोडल्याचं जाहीर केलं. मॅकडोनाल्ड्स आणि क्राफ्टही त्या दिवसांतच बाहेर पडल्या. मे संपायच्या आत ॲमेझॉन आणि वॉलमार्ट या दोन अजस्र दुकानदार कंपन्यांनीही संबंध तोडले.

ही माघार बंदुकीच्या आणि मतदानाच्या कायद्यांवरून होती, हवामानावरून नव्हे, हे सांगितलंच पाहिजे. पण वाट पडली ती पडलीच. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलनं ॲलेक सोडली तेव्हा कारण हवामानाचंच होतं. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष एरिक श्मिट यांनी रेडिओवर, एका श्रोत्याच्या प्रश्नाला उत्तर देताना, हे लोक हवामानबदलाबद्दल चक्क खोटं बोलतात असं सांगून टाकलं. प्रश्न विचारणारी व्यक्ती साधी श्रोता होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि एक उदाहरण औषधाच्या दुकानाचं. सीव्हीएस या अमेरिकी औषध-दुकानांच्या साखळीनं २०१४ मध्ये सिगारेट विकणं बंद केलं. पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात आलं की यूएस चेंबर देशोदेशींच्या तंबाखूविरोधी कायद्यांना विरोध करतंय. म्हणजे दुकानातून सिगारेट काढली, पण वर्गणी सिगारेटची बाजू मांडणाऱ्यांना चालली होती. जुलै २०१५ मध्ये सीव्हीएसनं चेंबर सोडलं.

दुकानदारांच्याच मागं का लागायचं?

धूर सोडते खाण, औष्णिक वीज केंद्र, सिमेंटची भट्टी. मग किराणा आणि कपडे विकणाऱ्याला का विचारायचं?

कारण कोळशाची खाण आपल्याला काही विकायला येत नाही. तिच्यावर रुसलो तरी तिला कळणार नाही. दुकानाचं तसं नसतं, त्याचा सगळा धंदा नावावर चालतो. गावातल्या किराणा दुकानदाराला “तुमच्या तेलात भेसळ आहे म्हणे” एवढं चार बायकांनी बोलल्यावर जे होतं, तेच मोठ्या कंपनीला मोठ्या प्रमाणात होतं. संघटनेची अब्रूही अशा ओळखीच्या नावांवर टिकते. ‘आम्ही सगळ्या उद्योगांचा आवाज आहोत’ असं सरकारला सांगायचं, तर सभासदांच्या यादीत घराघरांतली नावं लागतात. ती गेली की उरतो तो फक्त धूर सोडणाऱ्यांचा आवाज, आणि मंत्र्यालाही ते दिसतं.

“आत राहून सुधारता येत नाही का?”

येतं, आणि हा आक्षेप मी हलका मानत नाही. नायकेनं तेच केलं होतं. युनिलिव्हरनं २०१९ मध्ये आणखी वेगळं पाऊल टाकलं: त्यांच्या तेव्हाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी कंपनी सभासद असलेल्या संघटनांना पत्र लिहून विचारलं की तुमची भूमिका तापमानवाढ रोखण्यासाठी देशांनी केलेल्या पॅरिस कराराशी जुळते का. आपल्या न्हाणीघरातला साबण विकणारी हिंदुस्थान युनिलिव्हर ही त्याच घरातली.

पण आत राहणाऱ्याला एक गोष्ट जाहीरपणे विचारता आली पाहिजे: संघटनेनं चुकीची बाजू घेतली त्या दिवशी तुम्ही उघड विरोध नोंदवला का? बंद खोलीत नाराजी सांगितली, असं कुणीही म्हणू शकतं. यूएस चेंबरनं जानेवारी २०२१ मध्ये आपली भूमिका मवाळ केली, बाजाराच्या मार्गानं उत्सर्जन कमी करायला पाठिंबा दिला. इतक्या वर्षांच्या टोचणीचा त्यात वाटा नक्कीच असणार. पण २०२२ मध्ये हवामानासाठी शेकडो अब्ज डॉलर ठेवणारा कायदा अमेरिकेत आला, तेव्हा चेंबर पुन्हा विरोधात उभं होतं. आमचा विरोध त्यातल्या करांना आहे, असं त्यांचं म्हणणं. विरोध कशालाही असो, कायदा पडला असता तर हवामानाचा पैसाही गेला असता.

“सोडल्यानं धूर कमी होतो का?”

लगेच होत नाही. १९८९ मध्ये तेल, कोळसा, मोटार कंपन्यांनी मिळून ‘ग्लोबल क्लायमेट कोएलिशन’ नावाची संघटना काढली आणि देशांनी हरितगृह वायू कमी करावेत यासाठीच्या क्योटो कराराला जोरदार विरोध केला. हळूहळू एकेक मोठं नाव गळालं. शेल १९९८ मध्ये गेली, फोर्ड १९९९ च्या अखेरीस. २००२ मध्ये ती संघटना बंद झाली. पण तोवर अमेरिकेनं क्योटो करारातून अंग काढून घेतलं होतं. कंपन्या बाहेर पडल्या हे खरं, आणि फार उशिरा पडल्या हेही खरं. ॲलेक तर आजही आहे. म्हणून ‘कंपनीनं संघटना सोडली’ ही बातमी वाचून हुरळून जाऊ नये. ती वर्गणी आता दुसऱ्या वाटेनं तिथंच पोचत नाही ना, हे विचारत राहावं लागतं.

कायदा रद्दच करावा लागतो असंही नाही, पुढं ढकलला तरी पुरतं. परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या बघत वाढलेल्यांना हे सांगायला नको. वीज केंद्रांच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड कमी करायचा नियम आपल्याकडं डिसेंबर २०१५ मध्ये आला, मुदत दोन वर्षांची होती. वीज उत्पादकांकडून वेळ वाढवून मागितला जात राहिला, मुदत वाढत राहिली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. हा वायू तापमानवाढीचा नव्हे, श्वासाचा प्रश्न आहे. पण मुदतवाढीची रीत तीच.

“गरिबाला स्वस्त माल हवा, हवामान नंतर”

हा आक्षेप आमच्या घरातच निघतो. तालुक्याच्या गावाला दुकानंच दोन असतात, बहिष्कार कुणावर टाकणार? बरोबर आहे. म्हणून मी बहिष्काराचं बोलतच नाही. माल घ्या, बिल भरा आणि प्रश्न विचारा. प्रश्नाला पैसे पडत नाहीत.

हवामान नंतर, हे मात्र मला मान्य नाही. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. आमच्या गल्लीत ड्रमांवर खडूनं नंबर टाकलेले असायचे, आणि पुसला गेला म्हणून रात्री दोनला भांडणं व्हायची. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर. ज्याच्या घरात बोअर आणि टाकी होती त्याचं भागलं, नंबर लावून बसली ती मोलकरीण आणि रिक्षावाला. नऊ वर्षांनी त्याच मांजरेनं माती वाहून नेली. एका दुष्काळाचं किंवा एका पुराचं सगळं खापर तापमानवाढीवर फोडणं शास्त्राला धरून नाही. पण हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के बाष्प जास्त मावतं, आणि ते कोसळतं तेव्हा कमी वेळात कोसळतं, एवढं पक्कं ठाऊक आहे. खरडून जाणारी जमीन नदीकाठची असते आणि नदीकाठी कोण राहतं, हे आपण जाणतो.

“हे सगळं अमेरिकेचं झालं”

बीडच्या पोरानं मोबाइलचं कव्हर फ्लिपकार्टवरून मागवलं, की तो वॉलमार्टचं गिऱ्हाईक होतो. २०१८ मध्ये वॉलमार्टनं फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. ॲमेझॉनचं खोकं तर आता तांड्यावरही पोचतं. तेव्हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्यालाही आहे.

आपल्या देशातल्या कंपन्यांचं कसं? लॉबिंगचा हिशेब द्यायला लावणारा कायदा भारतात नाही. अमेरिकेत तो १९९५ पासून आहे. पण एक खिडकी उघडी आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या सगळ्यात मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, एक अहवाल सक्तीचा केलाय, त्याला ‘बीआरएसआर’ म्हणतात. कंपनीच्या वार्षिक अहवालातच तो असतो आणि तिच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. त्यात नऊ तत्त्वं आहेत. सातव्या तत्त्वाखाली, कंपनी किती व्यापारी-उद्योग संघटनांची सभासद आहे तो आकडा आणि त्यांतल्या प्रमुख दहांची नावं द्यावी लागतात. सीआयआय, फिक्की, असोचॅम ही नावं तिथं वारंवार भेटतात. सरकारी धोरणाबाबत कंपनीनं स्वतः काय बाजू मांडली, याचाही एक रकाना आहे, पण तो भरणं ऐच्छिक आहे.

यादीत नाव आहे म्हणजे काही पाप झालं, असं मुळीच नाही. याच संघटना सौर ऊर्जेच्या बाजूनंही बोलतात. त्यांनी काय बोलावं हा त्यांचा हक्क आहे. माझी मागणी एवढीच, की आमच्या बिलातून गेलेल्या पैशावर काय बोललं जातंय ते आम्हाला कळावं.

मागच्या महिन्यात स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाइल टेकवून, भाजी होईपर्यंत, मी एका कंपनीचा असा अहवाल उघडला. सवादोनशे पानं चाळल्यावर तो तक्ता सापडला. दहा नावं, प्रत्येकापुढं ‘राष्ट्रीय’ किंवा ‘राज्य’ एवढाच शब्द. मी कंपनीला मेल लिहिला, मराठीत आणि इंग्रजीत. तीन प्रश्न होते: या दहा संघटनांना तुम्ही वर्षाला किती वर्गणी भरता? त्यांनी हवामानाच्या नियमांबद्दल सरकारकडं दिलेली निवेदनं तुम्हाला मान्य आहेत का? मान्य नसेल तेव्हा तुम्ही ते कुठं जाहीर सांगितलंत? ज्यांच्याकडं एक जरी शेअर असेल त्यांना हेच प्रश्न वार्षिक सभेत विचारता येतात. आता बहुतेक सभा ऑनलाइन असतात, बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. आभार मानले होते आणि सोबत कंपनीनं लावलेल्या झाडांची रंगीत पुस्तिका जोडली होती. तिन्ही प्रश्नांबद्दल एक ओळही नव्हती. मी तेच तीन प्रश्न पुन्हा पाठवलेत, या वेळी खाली मामाच्या शेतातल्या मुरुमाचा फोटो जोडून.